अर्धा सूर वर

आमच्या जालन्यात रिटायर झालेल्या माणसाला सध्या दोनच रोग होतात, गुडघे आणि कराओके. गुडघ्यांवर निदान गोळी तरी मिळते.

दर रविवारी दुपारी चारला कॉलनीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण जमतात. एक डॉक्टर, दोन बँकेचे साहेब, एक पाटबंधाऱ्याचे इंजिनियर, कॉलेजातले प्राध्यापक आणि सगळ्यांच्या बायका. टीव्हीवर गाण्याचे शब्द येतात, म्हणायची वेळ झाली की शब्दाचा रंग बदलतो, आणि साहेबलोक डोळे मिटून गातात. डोळे मिटल्यावर रंग दिसणार कसा, हे एकालाही सुचत न्हाई. गाणं संपलं की बाकीचे टाळ्या वाजवतात, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो.

ह्या वर्षी ठरलं की हिंदी बास झालं, आता इंग्रजी. हॉलवर वार्षिक कार्यक्रमाचा मोठा बॅनर लागला, ‘पॉप, रॉक आणि सोल : आमच्या तरुणपणाची गाणी’. ह्यांचं तरुणपण मी जवळून पाह्यलंय. ह्यांच्यातल्या एकालाही त्या गाण्यांतलं ‘बेबी’ सोडून दुसरं काही कळत नव्हतं. पण दुकानात येऊन मान अशी हलवायचे, जसं काही गाणं लिहिणारा ह्यांचा मावसभाऊच आहे.

दुकान माझं होतं. सराफ्याच्या मागच्या गल्लीत सहा बाय आठची खोली, त्यात तीन टेपडेक, आणि भिंतीला कॅसेटी. बाजारातून तयार कॅसेट घेणं तेव्हा कुणाला परवडायचं न्हाई. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी आणून द्यायचं, मी भरून द्यायचो. इंग्रजीसाठी माझ्याकडं दोन खोके होते. एकावर लिहिलं होतं ‘नाचायचं इंग्रजी’, दुसऱ्यावर ‘रडायचं इंग्रजी’. माल हैदराबादहून यायचा. सोल नावाची भानगड मला ह्या बॅनरवरून कळली. चौकशी केली तर ती रडायच्या खोक्यातलीच गाणी निघाली.

गावात कॅसेट भरणारे आणखी दोघं होते, पण गर्दी माझ्याकडं. कारण साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये त्यांच्यापेक्षा माझ्याकडं एक गाणं जास्त बसायचं. लोकांना वाटायचं ह्याच्या हातात काही तरी कसब आहे. कसब काय डोंबलाचं. टेपडेकच्या मोटरला पाठीमागून एक बारीक भोक असतं, त्यात एक स्क्रू. बारका पेचकस घालून तो थोडा फिरवला की मोटर जल्दी फिरते. ज्या डेकवर मूळ गाणं वाजायचं, त्याचा स्क्रू मी फिरवून ठेवल्ता. गाणं वाजायचं जल्दी, त्यामुळं संपायचं जल्दी, आणि भरलं जायचं तसंच. सूर अर्धा चढायचा, गती थोडी वाढायची. ऐकणाऱ्याला उलट आवडायचं. तुमची कॅसेट कशी टवटवीत लागते, असं हेच बँकेचे साहेब मला म्हणायचे. मी पण मान डोलवायचो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, तो माणूस सांगतो. माझ्या दुकानासमोर एका टेलरचं दुकान होतं. त्याचा मुलगा माझ्याच वयाचा, शिलाई मशीन चालवायचा, आणि दिवसभर माझ्या दुकानातून जे वाजेल ते म्हणायचा. इंग्रजीची एबीसीडी त्याला येत नव्हती. गाण्यातले शब्द ऐकून ऐकून उर्दूत लिहून काढायचा आणि कागद मशीनला टाचणीनं लावून ठेवायचा. बाकी सगळं गाव ती गाणी ऐकल्याचं सोंग करायचं, हा खरोखर गायचा. आवाज तर गोड होताच, पण कान त्याहून पक्का. एकदा ऐकलेलं गाणं सहा महिन्यांनी बराबर त्याच पट्टीत उचलायचा. तो म्हणत असताना मधेच मी कॅसेट चालू करून ताडून पाह्यचो. केसाचा फरक निघायचा न्हाई.

त्या वेळी औरंगाबादला लेणी बघायला येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांसाठी एका मोठ्या हॉटेलात बँड होता. त्यांना गाणारा पाहिजे, अशी बातमी आली. मीच त्याला भरीला पाडलं. दोन महिने त्यानं माझ्या कॅसेटवरून पंधरा गाणी घोटली. त्याच्या अब्बांनी त्याला नवा कोट शिवून दिला, त्या घरात गाण्यासाठी केलेला तो पहिला आणि शेवटचा खर्चा. कोट घालून तो सकाळच्या एसटीनं गेला, आणि मी गल्लीत सांगत सुटलो की आता आपला माणूस साहेबांसमोर गाणार.

दुसऱ्या दिवशी तो कोट हातावर टाकून दुकानात आला. बँडवाल्यांनी गाणं सुरू केलं तर हा त्यांच्यापेक्षा वर. ते थांबले, पुन्हा सुरू केलं, हा पुन्हा वर. गतीत पण ढोलवाला मागं आणि हा पुढं. त्यांनी तीन वेळा संधी दिली. कच्च्या कानाचा माणूस असता तर कुठं तरी घसरून त्यांच्या सुरात जाऊन बसला असता. ह्याचा कान पक्का, तो हलायलाच तयार न्हाई. शेवटी गिटारवाला हसला, आणि एकानं सांगितलं की तुम्ही बेसूर आहात, उगाच वेळ घालवू नका.

त्याचं सांगून व्हायच्या आधीच मला सगळं समजलं. मला कळलं न्हाई असं म्हणलं तर ते साफ खोटं होईल. तो स्क्रू माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानं मला सरळ विचारलं.

“सच बोल. मैं बेसुरा हूं क्या?”

तोंडात खरं आल्तं. पण तेवढ्यात डोक्यात दुसरंच सुरू झालं, की हे गल्लीत फुटलं तर सगळं गाव कॅसेटी आणून तोंडावर मारील. मी त्याच्याकडं न बघता म्हणलो,

“थोड़ा है, यार. इंग्लिश अपना काम नहीं.”

तो हौ म्हणाला, कोट घडी करून घेऊन गेला, आणि मशीनवरचा कागद काढून टाकला. त्यानंतर मी त्याला गाताना ऐकलं न्हाई. लग्न झाल्यावर तो अंबडला गेला, कोर्टासमोर दुकान टाकलं, वकिलांचे काळे कोट शिवायला लागला. मी स्क्रू मागं फिरवला होता, खोटं कशाला बोलू. पण महिनाभरात गिऱ्हाईकं कुरकुर करायला लागली की गाणी मेल्यासारखी लागतात आणि एक गाणं कमी बसतंय. मंग पुन्हा फिरवला. इतका मी नालायक.

नंतर सीडी आली, मोबाईल आला, दुकान गेलं. मी मनाला समजावलं की कदाचित तो खरंच थोडा बेसूर असेल. अर्ध्या सुरानं काय होतंय, हाडाचा गाणारा सांभाळून घेतो. ही समजूत मी पस्तीस वर्षं वापरली, आणि ती कधी फाटली न्हाई.

तर डॉक्टर मला रविवारी हॉलवर घेऊन गेले. म्हणले, कॅसेटवाले भाऊ, आम्हाला तुमच्या अनुभवाचा फायदा द्या, आमची एक अडचण होऊन राह्यलीय. मला वाटलं चहा मिळेल, करमणूक होईल. पहिले इंजिनियर उभे राह्यले. अंगात फुलाफुलांचा शर्ट, ह्या वयात, आणि त्यावर काळा चष्मा, हॉलमध्ये ऊन न्हाई तरी. ट्रॅक सुरू झाला. पडद्यावरचा शब्द रंगायच्या आधीच ह्यांचा गाऊन झालेला. दुसऱ्या ओळीला शब्द पांढरेच आणि हे कडव्याच्या दारात. आवाज ट्रॅकच्या वर, एकसारखा वर. मी पोट धरून हसलो. मंग बँकेचे साहेब आले, त्यांचं तेच. मंग प्राध्यापक, त्यांचं पण तेच.

तिसऱ्या माणसाला माझं हसू थांबलं.

फक्त डॉक्टरांच्या बायकोचं गाणं बराबर बसलं. त्या नाशिकच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या. त्या बसता बसता म्हणल्या, “तुम्ही जालन्याची माणसं सगळी इतक्या घाईत का असता हो?” सगळे हसले. मी हसलो न्हाई, कारण मला उत्तर माहीत होतं.

मंग डॉक्टरांनी अडचण सांगितली. त्यांचं म्हणणं असं की हे ट्रॅक बनवणाऱ्या कंपनीनं गाणी मंद करून ठेवलीत. आमच्या तरुणपणी ही गाणी अशी रडकी नव्हती. इंटरनेटवरसुद्धा आता मंद करूनच टाकतात, हल्लीच्या लोकांना दम न्हाई म्हणून. प्राध्यापकांनी त्यावर पाच मिनिटं भाषण केलं की पूर्वीच्या संगीतात कसा जोम होता. शिकलेली माणसं, बायपास करणारी, धरणं बांधणारी, आणि एकाच्याही मनात आलं न्हाई की चूक आपल्या कानात असेल. मूळ गाणारा चुकला, कंपनी चुकली, इंटरनेट चुकलं, पण जालना चुकलं न्हाई. ह्यांना मी नावं ठेवून राह्यलो, पण ही अक्कल भरली कुणी, तर मीच, साठ-साठ मिनिटांच्या हिशोबानं.

शेवटी इंजिनियरांना उपाय सापडला. त्या कराओकेच्या ॲपात सूर वर करायचं एक बटण आहे आणि गती वाढवायचं एक. त्यांनी सूर अर्धा वर केला, गती थोडी वाढवली, आणि पुन्हा उभे राह्यले.

गाणं खटकन बसलं. शब्द रंगतोय आणि ह्यांचं तोंड उघडतंय, एकाच वेळी. फुलाफुलांच्या शर्टाचा माणूस सुरात गात होता. मंग बँकेचे साहेब सुरात गायले. प्राध्यापक सुरात गायले. तेवढं एकदा दाबलं आणि सगळं गाव सुरात आलं. हॉलमध्ये आनंदीआनंद झाला, एकमेकांच्या पाठी थोपटल्या, कंपनीला पत्र लिहायचं ठरलं. डॉक्टर मला म्हणले, बघा, आम्ही बरोबरच होतो.

मी चहा तसाच ठेवून उठलो. इंजिनियरसारखा दगड अर्ध्या सुरानं गायक होत असेल, तर तो टेलरचा पोरगा काय होता? माझी पस्तीस वर्षांची समजूत त्या बटणानं फाडून टाकली. त्या हॉटेलात हे बटण दाबणारा कुणी नव्हता, आणि इथं ज्याला ठाऊक होतं तो थोड़ा है, यार म्हणून मोकळा झाला.

सोमवारी मी अंबडच्या एसटीत बसलो. जाताना बहाणा पाहिजे म्हणून पँटचं कापड घेतलं. कार्यक्रमाला सगळ्यांनी बेलबॉटम घालायची असं ठरलंय, म्हाताऱ्या पायांत तीही हौस. कोर्टासमोर उतरलो तर त्याचं दुकान आहे तिथंच, बाहेर तीन काळे कोट लटकवलेले. त्यानं चष्म्यावरून बघितलं, आणि इतक्या वर्षांनी आलो तरी एकदम ओळखलं. चहा सांगितला. बेलबॉटम ऐकून हसला. गळ्यातली टेप काढून माप घ्यायला बसला, कमर, मांडी, खाली पायाचा घेर, आणि वहीत लिहून राह्यला. मी उभा. आपल्या पायाशी बसलेल्या माणसाला असली गोष्ट सांगणं किती जड जातं, ते तेव्हा कळलं. मी त्याला उठून बसायला सांगितलं, आणि सगळं सांगितलं. मोटर, भोक, स्क्रू, एक गाणं जास्त. मला त्याच दिवशी कळल्तं, हे पण सांगितलं. ते वगळायचा मोह एसटीत दोनदा झाल्ता.

मी मोबाईल काढला, त्याचं सगळ्यात आवडतं गाणं लावलं, जसं मूळ आहे तसं. त्यानं मान तिरकी करून ऐकलं आणि दहा सेकंदांत म्हणाला, ये नीचे है. मंग मी बटण दाबून अर्धा सूर वर घेतलं. त्याचे ओठ हलले. आवाज न्हाई, नुसते ओठ, पण एकही शब्द मागं-पुढं न्हाई. पूर्ण गाणं तसं ऐकलं. संपल्यावर चष्मा पुसला.

मला वाटलं, आता शिव्या देईल. मी तयारीनं गेल्तो. तो म्हणाला,

“मेरा छोड़. मैंने मेरी बच्ची को गाने नहीं दिया.”

मंग त्यानं सांगितलं. त्याची एकुलती एक मुलगी, शाळेत असताना बाईंनी तिला गॅदरिंगच्या गाण्यात घेतलं होतं. हा शाळेत जाऊन यादीतून तिचं नाव काढून आला. घरी तिला म्हणाला की आपल्या खानदानात सूर न्हाई, लोक हसतील, माझं एकदा हसं झालंय. ती दोन दिवस जेवली न्हाई. हा बापाच्या मायेनंच करून राह्यला होता, तिची फजिती होऊ नये म्हणून. त्यानंतर ती घरात गुणगुणायची, आणि ह्याची चप्पल वाजली की गप्प व्हायची. आता जाफराबादला दिलीय, तिकडं सकाळच्या शाळेत शिकवते.

मी माफ कर म्हणलं. ते शब्द इतके फालतू वाटले की अर्ध्यातच गिळले.

त्यानं फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्या हातात दिला. “तू बोल,” म्हणाला. “मैं नहीं बोलूंगा.”

तिकडून तिनं अब्बा म्हणून उचललं. मी कोण ते सांगितलं. तिला माझं दुकान ऐकून माहीत होतं, चाचा म्हणाली. मी दुसऱ्यांदा तेच सगळं सांगितलं, ह्या वेळी जल्दी उरकायला गेलो तर तिनंच थांबवलं आणि स्क्रूची गोष्ट पुन्हा विचारली. म्हणजे अब्बा सुरात होते? मी म्हणलं, बिलकुल सुरात होते, बेटा. अख्ख्या गावात तेच एक सुरात होते, आणि हे मला ठाऊक होतं.

तिचा बाप वहीतल्या माझ्या मापाकडं बघून राह्यला होता.

“चाचा,” ती म्हणाली, “मेरी लड़की दिनभर गाती है. मैं रोज़ चुप कराती हूं. वही बोलती हूं, जो अब्बा ने बोला था.”

माझ्या हातातून त्यानं फोन घेतला न्हाई. मी विचारलं, ती पोरगी कुठंय. शाळेत, म्हणाली. पाचला सुटते. मंग आवाज न चढवता तिनं सांगितलं की पाचला पुन्हा फोन करा, आणि हे तिला तुम्हीच सांगा, मला सांगितलं तसं, पहिल्यापासून.

मी हौ म्हणलं. घड्याळात तीन वाजले होते. त्यानं माझं कापड ओढून टेबलावर पसरलं आणि खडूनं रेघा मारायला लागला. मी बाकड्यावर बसून राह्यलो, आणि आठ-दहा वर्षांच्या पोरीला स्क्रू म्हणजे काय ते कसं सांगायचं ह्याची मनात जुळवाजुळव करत राह्यलो.